कोर्लईची बोली आणि आपला मेंदू

अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी बसला असाल, तर रेवदंडा सोडल्यावर गाडी एका लांब पुलावर येते हे तुम्हाला आठवत असेल. खाली कुंडलिकेची रुंद खाडी, उजव्या हाताला समुद्र आणि पुढे पाण्यात घुसलेली डोंगराची एक सोंड. सोंडेवर तटबंदी दिसते तो कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. गाडीतून उतरून गावातल्या ख्रिस्ती वस्तीत शिरलात, तर तिथली माणसे आपसांत जे बोलतात ते तुम्हाला कळणार नाही. सूर ओळखीचा वाटेल, मधूनच एखादा मराठी शब्दही कानावर येईल. पण ती मराठी नव्हे आणि कोकणीही नव्हे. तुम्ही काही विचारलेत, की तीच माणसे क्षणात तुमच्याशी मराठीत बोलू लागतील!

ही बोली बोलणारे लोक हजाराच्या आसपास आहेत. ते तिला ‘नोलिंग’ म्हणतात. नोलिंग म्हणजे ‘आमची भाषा’. यातला ‘लिंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘लिंगुआ’वरून आला. पोर्तुगीजमध्ये लिंगुआ म्हणजे भाषा, आणि लिंगुआ म्हणजे जीभसुद्धा. आपणही म्हणतोच की, अमक्याच्या जिभेवर सरस्वती नाचते! बोलणे हे जिभेचे काम, असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे.

आता थोडा विचार करा. कोर्लईतल्या ज्या घरांत नोलिंग बोलली जाते, तिथले पाच वर्षांचे मूल दोन भाषा सहज बोलते. त्याला कोणी व्याकरण शिकवलेले नसते. त्याच अंगणात मांजर वाढते, कुत्रा वाढतो. त्यांच्या कानांवरही तेच शब्द पडतात. कुत्र्याची जीभ तर आपल्यापेक्षा लांब! मग मुलापाशी असे काय आहे, जे कुत्र्यापाशी नाही?

खिचडीतून भाषा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी नोलिंग कशी जन्मली ते पाहू.

१५२१ साली पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाकडून चौल येथे, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, ठाणे उभारण्याची परवानगी मिळवली. पुढे १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही त्यांनी जिंकला. पोर्तुगालहून आलेल्यांत शिपाई आणि खलाशी बरेच, स्त्रिया फारच थोड्या. त्यांच्यातील अनेकांनी इथल्या मुलींशी लग्ने केली. इथले काही लोक ख्रिस्ती झाले. घरांत आणि किल्ल्यात राबायला गुलाम होते, त्यांत आफ्रिकेतून आणलेलेही होते. अशा वस्तीत रोजचा व्यवहार कोणत्या भाषेत चालला असेल? शिपायाची पोर्तुगीज, त्याच्या बायकोची मराठी, नोकराची तिसरीच बोली आणि काम भागवण्यापुरती सर्वांची मोडकीतोडकी पोर्तुगीज. नुसती खिचडी!

पण त्या वस्तीत जन्मलेल्या मुलांच्या कानांवर पडत होती ती हीच खिचडी, आणि त्या मुलांची भाषा मात्र मोडकीतोडकी राहिली नाही. तिला क्रियापदाची रूपे आली, काळ आले, प्रश्न विचारण्याची रीत आली. ती एक पूर्ण भाषा झाली. अशा मिश्रणातून जन्मलेल्या भाषेला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ असे नाव आहे. हे सारे एका पिढीत घडते, की मोठी माणसे आणि मुले मिळून ते अनेक पिढ्यांत घडवतात, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र मुलांच्या तोंडी ती पक्की होते, याबद्दल फारसा वाद नाही.

१७४० मध्ये मराठ्यांनी चौल आणि कोर्लई घेतली व पोर्तुगीज सत्ता निघून गेली. माणसे राहिली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि आजूबाजूच्या लोकांहून निराळा धर्म, यांमुळे त्यांची बोलीही राहिली. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी गावात येऊन तिचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्या जन्मावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना एक गमतीची गोष्ट आढळली. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद मध्ये येते, म्हणजे ‘मी पितो पाणी’ अशी त्याची मांडणी असते. मराठीत ते शेवटी येते: ‘मी पाणी पितो’. मराठीच्या सहवासात राहून नोलिंगने आपली मांडणी हळूहळू बदलली, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटाकडे सरकले.

आपणही पोर्तुगीजांकडून पाव, चावी, बालदी, घमेले, अननस, बिजागरी असे कितीतरी शब्द घेतले. पण ते मराठीच्या चौकटीत बसवले. कोर्लईत शब्दांचा साठा बहुतांशी पोर्तुगीज राहिला आणि वाक्याची घडण मात्र मराठीकडे झुकली. ‘शब्द’ आणि ‘घडण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

जिभेवाचून भाषा

मुले भाषा घडवतात याचा आणखी लख्ख पुरावा मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात मिळाला. १९७७ मध्ये मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. तोपर्यंत ही मुले आपापल्या घरी एकेकटी वाढत होती आणि हातवाऱ्यांनी जेमतेम गरज भागवत होती. शाळेत शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत. ते फारसे साधले नाही. मात्र मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या खुणा एकत्र केल्या. नंतर दाखल झालेल्या लहान मुलांनी त्या उचलल्या आणि त्यांना नियम लावले. थोड्याच वर्षांत तिथे व्याकरण असलेली एक नवी खूणभाषा तयार झाली. एकाही मोठ्या माणसाने ती शिकवली नव्हती.

या भाषेत जिभेचा, घशाचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा भाषेचे मूळ जिभेत नसावे, असा संशय येतो. तो तपासून पाहू.

उत्क्रांतीच्या नात्याने चिंपँझी हा आपला सर्वांत जवळचा भाऊबंद. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतील हेज दांपत्याने ‘व्हिकी’ नावाचे चिंपँझीचे पिल्लू घरात मुलासारखे वाढवले. वर्षानुवर्षे खटपट करूनही तिला चारच शब्द, तेही अस्पष्ट, उच्चारता आले. मग १९६६ पासून गार्डनर दांपत्याने ‘वाशू’ या चिंपँझी मादीला खुणांची भाषा शिकवली. ती शंभरावर खुणा शिकली! पण दोन-तीन वर्षांचे मूल जशी वाक्ये रचते, तशी वाक्ये तिला जमली नाहीत.

व्हिकीला बोलता का आले नाही? पूर्वी याचे उत्तर सोपे वाटे. माणसाचे स्वरयंत्र घशात खाली उतरलेले असते, त्यामुळे जिभेमागे मोकळी जागा मिळते आणि स्वर स्पष्ट निघतात. वानरांत ते वर असते. हे खरेच आहे. पण २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मॅकाक माकडाच्या घशाची क्ष-किरण चित्रे घेऊन हिशेब मांडला, तेव्हा वेगळेच दिसले. समजेल असे बोलण्याइतपत स्वर काढण्याची सोय त्या घशात आहे! उणीव आहे ती घसा चालवणाऱ्या मेंदूत.

आता पोपट पाहा. त्याला ओठ नाहीत, दात नाहीत आणि आपल्यासारखे स्वरयंत्रही नाही. तरी तो ‘विठू विठू’ म्हणतो. ऐकलेला आवाज लक्षात ठेवून तसाच काढण्याची व्यवस्था त्याच्या मेंदूत आहे. माणसात मेंदूच्या बाह्यकातून निघालेले काही चेतातंतू स्वरयंत्र हलवणाऱ्या केंद्रापर्यंत थेट पोचतात. माकडांत ही थेट तार जवळजवळ नसतेच. म्हणून माकड घाबरले की ओरडते, पण त्याला ठरवून, शिकून नवा आवाज काढता येत नाही.

डोक्यातली ठाणी

बोलण्याचा आणि मेंदूचा संबंध पहिल्यांदा पक्का झाला तो १८६१ मध्ये, पॅरिसमध्ये. शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून एकच शब्द निघे: ‘टॅन’. त्याला बोललेले बरेचसे समजे आणि त्याची जीभ हलतही होती. काही दिवसांनी तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात मोठी इजा आढळली. त्या भागाला आज ‘ब्रोका क्षेत्र’ म्हणतात.

पुढे १८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल व्हेर्निक यांनी उलट प्रकारचे रुग्ण वर्णन केले. ते भरभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूस होती. हे ‘व्हेर्निक क्षेत्र’.

या दोन ठाण्यांना जोडणारा चेतातंतूंचा एक जाड, कमानीसारखा जुडगा आहे. २००८ मध्ये माणूस, चिंपँझी आणि मॅकाक यांच्या मेंदूंतील हा जुडगा ताडून पाहिला गेला. माणसात तो कानामागच्या भागात खूप खोलवर आणि दूरवर पसरलेला आढळला. चिंपँझीत तो तोकडा होता, मॅकाकमध्ये त्याहून तोकडा.

आज आपल्याला हेही माहीत आहे की, भाषा फक्त या दोन ठाण्यांत कोंडलेली नाही. शब्दांचे अर्थ, आठवणी, हालचालींची लय यांसाठी मेंदूचे अनेक भाग एकत्र काम करतात. रेल्वेचे जाळे असावे तसे हे आहे. शब्दांची गोदामे अनेक स्थानकांवर विखुरलेली असतात, आणि त्यांची गाडी जोडून नीट क्रमाने रवाना करण्यात ब्रोका क्षेत्राचा मोठा वाटा असतो. ‘शब्द’ आणि ‘घडण’ हा जो भेद आपण कोर्लईत पाहिला, त्याची छाया मेंदूतही दिसते ती अशी. काही रुग्णांना शब्द आठवतात पण वाक्य जुळत नाही. काहींचे वाक्य जुळते पण शब्द हाती लागत नाही. खूणभाषा बोलणाऱ्या कर्णबधिरांनाही मेंदूच्या डाव्या भागात इजा झाली तर त्यांची खूणभाषाच बिघडते, हात धडधाकट असले तरी!

जुने सामान, नवे काम

मग असा मेंदू घडला कसा? इथे एक मोठी अडचण आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, आणि मेंदू मऊ असल्यामुळे त्याचा जीवाश्म सहसा होत नाही. उरतात ती हाडे.

कवटीच्या पोकळीवरून मेंदूचे आकारमान काढता येते. चिंपँझीचा मेंदू सुमारे ४०० घन सेंटिमीटर, ‘होमो इरेक्टस’ या प्राचीन मानवाचा सरासरीने ९०० च्या आसपास, तर आपला सुमारे १३५०. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. त्याच्या मेंदूचे आकारमान साधारण ११५० ते १४०० घन सेंटिमीटर असावे, असा अंदाज केला गेला आहे. म्हणजे आपल्या अगदी जवळ! तो मानव बोलत होता का? केवळ आकारावरून सांगता येत नाही. हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट वजनाचा असूनही तो व्याख्यान देत नाही. मेंदूतल्या तारा कशा जोडल्या आहेत, याला फार महत्त्व आहे.

आणखी काही धागे हाती आले आहेत. इस्राएलमधील एका गुहेत १९८३ मध्ये निअँडरथल मानवाचा सांगाडा मिळाला. त्यात जिभेच्या मुळाशी असणारे लहानसे कंठास्थी सापडले, आणि ते आपल्यासारखेच निघाले. २००१ मध्ये लंडनमधील एका कुटुंबाच्या अभ्यासातून ‘फॉक्सपी-टू’ हे जनुक पुढे आले. त्या कुटुंबातील ज्या माणसांत हे जनुक सदोष होते, त्यांना ओठ-जिभेच्या हालचालींचा क्रम साधणे आणि वाक्ये रचणे अवघड जाई. त्यावेळी वर्तमानपत्रांनी त्याला ‘भाषेचे जनुक’ म्हणून टाकले. पण ते उंदरांत आहे, पक्ष्यांतही आहे. गाणाऱ्या पक्ष्याच्या पिलात त्याचे काम मंदावले तर ते बापाचे गाणे नीट शिकत नाही. माणसाच्या या जनुकात चिंपँझीच्या मानाने जे दोन बदल झाले, ते निअँडरथलमध्येही असल्याचे २००७ मध्ये कळले. भाषेचे असे एकच एक जनुक नाही. अनेक जनुके मिळून ते काम करतात.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. उत्क्रांतीने भाषेसाठी एखादा नवाकोरा अवयव बनवला नाही. घास चावणारी जीभ, श्वासाची वाट राखणारे स्वरयंत्र, हाताच्या हालचाली क्रमाने लावणारा मेंदूचा भाग आणि आवाज ओळखणारा कान हे सारे जुनेच सामान होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना एकमेकांशी अधिक चांगले बोलता आले, त्यांचा निभाव अधिक लागला आणि त्यांची संतती वाढली. असे होत होत जुने भाग नव्या कामाला जुंपले गेले, त्यांच्यातील तारा वाढल्या.

याची किंमतही माणसाने मोजली. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीसुद्धा तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो! शिवाय माणसाचे मूल फार अपुरा मेंदू घेऊन जन्माला येते. त्याचा मेंदू प्रौढाच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो आणि उरलेली वाढ घरात, अंगणात, माणसांचे बोलणे ऐकत होते. चिंपँझीचे पिल्लू त्या मानाने तयार होऊन येते. आपले लांबलेले, परावलंबी बालपण हीच भाषेची शाळा आहे.

बंद होणारी दारे

जन्मतः हा मेंदू कोणत्याच भाषेचा नसतो. रायगडच्या किनाऱ्यावरच शेकडो वर्षांपूर्वी बेने इस्राएल ज्यू आले आणि नवगाव, चौल, रोहा, पेण अशा गावांत राहिले. त्यांची मातृभाषा मराठी झाली. नवगावकर, चौलकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे त्याची साक्ष देतात. जे मूल जी भाषा ऐकेल, ती त्याची.

१९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या शास्त्रज्ञांनी कॅनडातील इंग्रजी भाषक घरांतील बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. मोठ्या इंग्रजी भाषकांना हा फरक सहसा कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळला! पण वर्ष पुरे होईपर्यंत त्यांचीही ती क्षमता ओसरली. आपल्या घरच्या भाषेला ‘ट’ आणि ‘त’ वेगळे लागत नाहीत, हे त्या मेंदूंनी ताडले आणि ते दार लोटून घेतले. परक्यांना ‘काळा’ आणि ‘काला’ यांतील फरक का जड जातो, ते आता तुमच्या लक्षात येईल.

सगळी दारे एकदम बंद होत नाहीत. मोठेपणीही भाषा शिकता येते, पण कष्टाने. मायबोली सहज अंगी मुरते ती बालपणीच.

आणि म्हणूनच कोर्लईची गोष्ट इथे संपत नाही. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला. मुले शाळेत मराठी शिकतात, चर्चमधल्या पोर्तुगीजची जागाही मराठीने घेतली, आणि नोकरी-धंद्यासाठी लोक बाहेर पडले. मराठी यायलाच हवी, यात शंका नाही. पण नोलिंग कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. ती आईच्या तोंडून मुलाच्या कानात जाते, एवढाच तिचा मार्ग. आईबापांनी मुलांशी ती बोलणे थांबवले, तर पाच शतकांची ही भाषा एका पिढीत नाहीशी होईल. किल्ला पडला तरी दगड राहतात. भाषेचे तसे नाही.

‘दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो’ अशी भीती काही पालकांना आणि गुरुजींनाही वाटते. तिला आधार नाही. मूल सुरुवातीला दोन्हींतले शब्द मिसळते, पण लवकरच कोणाशी काय बोलायचे ते त्याला नेमके कळते. तुमच्या वर्गात कातकरी वाडीवरचा मुलगा असेल, आगरी बोलणारी मुलगी असेल. तिच्या बोलण्याला तुम्ही ‘अशुद्ध’ म्हणून हसलात, तर लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने घडलेल्या यंत्राच्या अगदी बरोबर चालणाऱ्या कामाला तुम्ही हसत आहात! तिच्या बोलीलाही व्याकरण आहे. ते तिने तीन वर्षांची असताना, कोणी न शिकवता, आपल्या मेंदूत मांडले आहे.

करून पाहा

१. गळ्यावर बोट ठेवून ‘अप्प’ म्हणा, मग ‘अब्ब’ म्हणा. दुसऱ्या वेळी ओठ मिटलेले असतानाही कंप जाणवेल. ओठ दोन्ही वेळा सारखेच हलले. स्वरयंत्र केव्हा चालू ठेवायचे ते तुमच्या मेंदूने सेकंदाच्या अगदी लहान भागात ठरवले.

२. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर आठवडाभर त्याच्या ‘चुका’ वहीत टिपा. ‘मी केलं’ऐवजी ते ‘मी करलं’ म्हणते का? हा शब्द त्याने कोणाकडून ऐकला? कोणाकडूनच नाही! ‘बसलं’, ‘उठलं’ ऐकून त्याने नियम काढला आणि तो इथेही लावला.

३. आजीला किंवा शेजारच्या वाडीतल्या एखाद्या वृद्धाला विचारून त्यांच्या बोलीतले पंचवीस शब्द आणि पाच वाक्ये लिहून घ्या. प्रत्येक वाक्यात क्रियापद कुठे येते ते पाहा. तुमची वही गुरुजींना किंवा बाईंना दाखवा आणि ती वाक्ये वर्गात मोठ्याने वाचा.